चष्म्याची घाई नको, इंजेक्शनची टाळाटाळ नको

कराड

चि. सागर यास,


मुद्दाम मोठ्या अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहिते आहे. वाचून दाखवायला तुला आईला हाक मारावी लागू नये. वहिनींचा काल फोन आला होता. शुगर निघाली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, एवढं मला ठाऊक होतं. पण गेल्या दोन रात्री तू इंजेक्शन घेतलंच नाहीस आणि चष्म्याच्या दुकानात पैसे भरायला निघाला आहेस, हे काल कळलं. कारण काय, तर इंजेक्शन सुरू झाल्यापासून व्हर्नियरच्या रेघा एकमेकींत मिसळतात. आणि कारखान्यातल्या कुणीतरी तुझ्या कानात घातलं की इन्सुलिनने डोळे जातात.

नीट समजावून सांगायचं तर पानं भरतील आणि तोवर रात्र होईल, म्हणून दोन गोष्टी आधीच सांगते. आज रात्रीचं इंजेक्शन चुकवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितले आहेत तेवढेच युनिट घ्यायचे, बुडालेल्या दोन रात्रींची भरपाई करायला जास्त टोचून घ्यायचं नाही. आणि सकाळी त्यांना फोन करून खाडा झाला हे सरळ सांगायचं, ते खाऊन टाकणार नाहीत. दुसरं, चष्म्याची ऑर्डर थांबवायची. दुकानदाराला सांग, 'शुगरची औषधं नुकतीच सुरू झालीत, दीड-दोन महिन्यांनी येतो.' तो जाणता असेल तर स्वतःच मान हलवेल.

आता यामागचं कारण ऐक. तू मशीन-सेटर आहेस, यंत्र आतून कसं चालतं हे कळल्याशिवाय तुझं समाधान होत नाही, हे मला माहीत आहे.

डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या पुढे-मागे जो पाण्यासारखा द्रव असतो, त्यातूनच त्याला साखर मिळते, आणि ती आत घ्यायला भिंगाला इन्सुलिनची गरज लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्या द्रवातही वाढते आणि बिनबोभाट भिंगात शिरते. तुझी उपाशीपोटीची शुगर ३१२ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी १२.४ टक्के, म्हणजे हा प्रकार महिनोन् महिने चालू होता. भिंगात या जादा साखरेचं सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होतं, आणि सॉर्बिटॉलला पेशीतून सहज बाहेर पडता येत नाही. ते तिथेच साचत राहतं.

मग इन्सुलिन सुरू झालं. रक्तातली साखर आठवडाभरात ३१२ वरून १४० च्या घरात आली. बाहेरचा द्रव पातळ झाला, आत मात्र साठा तसाच. वाळलेली मनुका पाण्यात टाकली की जशी पाणी ओढून घेते, तसं भिंग पाणी ओढतं. आत पाणी शिरलं की भिंगाची किरण वाकवायची ताकद घटते आणि डोळ्याचा नंबर अधिककडे सरकतो. बहुधा एक-दोन नंबरांनी, कधी त्याहूनही जास्त. तुझं वय छत्तीस, त्यामुळे लांबचं तू अजून जोर लावून निभावतोस. जवळचं बघायला मात्र तो जोर पुरत नाही. विशीतल्या पोराला हे जाणवलंही नसतं. पन्नाशीच्या माणसाला लांबचं आणि जवळचं दोन्ही धूसर झालं असतं.

आधीची शुगर जितकी जास्त आणि ती जितक्या झपाट्याने उतरते, तितका हा फरक मोठा. म्हणून औषध नीट लागू पडलेल्यांनाच तो जास्त जाणवतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तो टोकाला पोहोचतो, मग साठलेलं सॉर्बिटॉल हळूहळू ओसरतं आणि नंबर मूळ जागी येऊ लागतो. बहुतेकांचं महिना-दीड महिन्यात निस्तरतं, क्वचित थोडं लांबतं. शुगर मधूनच वर-खाली झाली तर मात्र भिंगही तिच्यामागे वर-खाली होत राहतं. तू दोन रात्री इंजेक्शन सोडलंस, त्याने डोळ्यांचं काही भलं झालं नाही, उलट मुक्काम वाढला.

याची दुसरी बाजूही आहे. मी ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचे नंबर तपासायचे, तेव्हा साठीतला एखादा शेतकरी मोठ्या खुशीत यायचा. म्हणायचा, 'बाई, माझी चाळिशी उतरली, बिनचष्म्याचा पेपर वाचतो.' घरचे म्हणायचे, देवाची कृपा. मी पहिला प्रश्न विचारायचे, 'रात्री लघवीला किती वेळा उठता?' आणि चिठ्ठी लिहून रक्त तपासायला पाठवायचे. शुगर चढलेली असताना बऱ्याच जणांचा नंबर उलट, उणेकडे सरकतो. चाळिशी असलेल्याला जवळचं बरं दिसतं, तरुणाला लांबचं अंधूक होतं. गणपतीत तू म्हणाला होतास ना, एसटीची पाटी स्टँडवर अगदी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही? तेव्हा सगळ्यांनी मोबाईलला दोष दिला होता.

हे काही आजचं शोधलेलं नाही. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरंटोत, लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ ड्यूक-एल्डर यांनी मधुमेहात डोळ्याचा नंबर कसा बदलतो यावर सविस्तर निबंध छापला. शंभर वर्षं झाली. तरी आपल्याकडे इंजेक्शनची पहिली चिठ्ठी देताना 'काही दिवस जवळचं धूसर दिसेल, घाबरू नका' हे एक वाक्य सांगायला कुणाला सवड नसते. ते वाक्य त्या दिवशी तुला कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री वाया गेल्या नसत्या. दवाखान्यांतली गर्दी मी पाहिली आहे, तरीही ही कुचराईच, असंच मी म्हणेन.

चष्मा का नको, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. आज काढलेला नंबर आजच्या भिंगाचा. महिन्याभराने भिंग वेगळं, आणि तू खर्चलेले चार-पाच हजार कपाटात. शुगर चार-सहा आठवडे एका पातळीवर राहू दे, मग नंबर काढ, पंधरवड्याने पुन्हा काढ, आणि दोन्ही जुळले तरच काच घाल. तोवर काम अडायला नको, म्हणून दीड-दोनशे रुपयांत मिळणारा अधिक एक किंवा दीडचा तयार चष्मा घे. वाचताना, ड्रॉइंग बघताना तेवढ्यापुरता लावायचा. तो लावल्याने डोळे बिघडत नाहीत की नंबर वाढत नाही. तुमच्या कारखान्यातल्या त्या पाटीलला उणे नंबर आहे म्हणालास, त्याच्यावर अशी वेळ आली तर त्याने जवळचं बघताना नुसता चष्मा काढून बघावं, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आणि कारखान्यात लपवू नकोस. सुपरवायझरला सांग की महिनाभर बारीक टॉलरन्सच्या जॉबवर ठेवू नका, किंवा आकडे दाखवणारा डिजिटल व्हर्नियर द्या. लपवून काम केलंस आणि माल रिजेक्ट झाला तर बोलणी खावी लागतील. फिरत्या चकजवळ अंदाजाने हात गेला तर त्याहून वाईट. रात्री मोटारसायकलही शक्यतो टाळ.

'इन्सुलिनने डोळे जातात' या बोलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते खोटं असलं तरी उगाच जन्मलेलं नाही. आपल्याकडे माणूस दहा-पंधरा वर्षं गोळ्या कधी घेतो, कधी सोडतो. कारल्याचा रस पितो, जांभळाच्या बियांची पूड खातो, 'मी गोड खातच नाही' म्हणून तपासणी टाळतो. अगदी गळ्याशी आलं की इन्सुलिन सुरू होतं. तोवर डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्याच असतात, फक्त त्याला ते कळलेलं नसतं, कारण पडद्याचा आजार बराच काळ दुखत नाही, खुपत नाही आणि दिसणंही कमी करत नाही. मग इंजेक्शन सुरू झाल्यावर सहा महिन्यांत दिसेनासं होतं आणि गावभर होतं की इंजेक्शनने डोळे घालवले. त्यात पहिल्याच आठवड्यात तुझ्यासारखं धूसर झालं, की पुरावाच मिळाला.

या समजुतीत खरेपणाचा एक कण आहे, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. पडदा आधीच खराब असेल आणि शुगर फार झपाट्याने उतरवली, तर पहिल्या वर्षात पडद्याची स्थिती काही जणांची तात्पुरती बिघडते. अमेरिका आणि कॅनडात टाइप-१ मधुमेहाच्या १४४१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांना सुरुवातीला असा त्रास झाला, बाकीच्या गटात हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास होतं. पण त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांत काय दिसलं बघ: ज्यांचा पडदा सुरुवातीला चांगला होता, त्यांच्यात काटेकोर उपचारांनी पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ज्यांना तो आधीच थोडा होता, त्यांच्यात तो वाढण्याचा धोका निम्म्याहून खाली आला. तुझा मधुमेह टाइप-२ आहे, आकडे जसेच्या तसे तुला लागू करू नकोस, पण दिशा तीच. हल्ली जे वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन निघालं आहे, त्यालाही हेच लागू: मधुमेह असलेल्याने ते सुरू करण्याआधी पडदा दाखवावा.

म्हणजे इंजेक्शन सोडायचं नाही आणि पडदा तपासायचा. टाइप-२ मध्ये निदान झालं त्याच वेळी डोळ्यात थेंब टाकून पडदा बघायचा असतो, कारण शुगर कधीपासून होती हे कुणालाच माहीत नसतं. तुझं हे राहिलं आहे. चष्म्याच्या दुकानात ही तपासणी होत नाही, तिथे मशीनवर फक्त नंबर निघतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जायचं, आणि 'शुगर नवीन निघाली आहे, पडदा बघा' असं स्वतःहून म्हणायचं. पडदा ठीक निघाला तरी दर वर्षी जायचं. तुझी लक्षणं मी वहिनींकडून खोदून विचारून घेतली: दोन्ही डोळ्यांना सारखंच, फक्त जवळचं, इंजेक्शन सुरू झाल्याच्याच आठवड्यात. सगळं भिंगाकडेच बोट दाखवतं. तरी पडदा पाहिल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगू नये, मीही सांगत नाही.

दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर ठरलेल्या अंतरावर उभा राहा. एक डोळा झाक, तारखेखालची बारीक अक्षरं वाच, मग दुसरा झाक. काय वाचता आलं ते वहीत लिही, शेजारी त्या दिवशीची शुगर. त्याच वेळी दाराच्या चौकटीची उभी कडही एकेका डोळ्याने बघ. कड वाकडी किंवा नागमोडी दिसली, एकाच डोळ्याचं अचानक कमी झालं, डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा जळमटं तरंगू लागली, विजा चमकल्यासारखं झालं, पडदा ओढल्यासारखा एक भाग काळा झाला, डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर महिना थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आणखी एक धूसरपणा असतो, तो मिनिटांचा. जेवण लांबलं किंवा चुकलं आणि अंगाला घाम सुटला, हात कापू लागले, छाती धडधडली आणि समोरचं अंधूक झालं, तर ती शुगर घसरल्याची खूण. मशीन बंद करून बाजूला बस, तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी शुगर मोज. सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा तेच, आणि सावरल्यावर जेवून घे. खिशात ग्लुकोजची पुडी ठेव, आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ती कशासाठी आहे हे सांगून ठेव.

वहिनींना ओरडू नकोस. त्यांनी मला फोन केला ते चांगलं केलं. दादाला यातलं काही बोललेलं नाही, तू स्वतः सांग. पडदा तपासून झाला की कागदाचा फोटो मला पाठव, आणि रविवारी फोन कर.

तुझी,
कुसुमआत्या

ता. क. : पडदा तपासायला जाताना गाडी चालवत जाऊ नकोस, कुणाला तरी सोबत ने. थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, चार-सहा तास ऊन डोळ्यांत खुपतं आणि जवळचं आतापेक्षाही धूसर दिसतं. ते थेंबांमुळे, संध्याकाळपर्यंत उतरतं. त्यावरून घाबरून रात्रीचं इंजेक्शन चुकवू नकोस.