एकटीच्या ऑफिसातली माणसं

पोरी, पाटीवर तुझं एकटीचं नाव लागलं, फार आनंद झाला. मीही पुण्यात आरसीसी कन्सल्टंट म्हणून एकट्यानंच ऑफिस चालवलं. पण एकट्यानं म्हणजे किती? जमिनीचा रिपोर्ट लॅबचा, ड्रॉइंग ड्राफ्ट्समनच्या हातचं, सळई बांधणार फिटर, काम आणून देणार आर्किटेक्ट. सही तेवढी आपली. या माणसांचं आपल्यावर देणं असतं आणि ते रोजच्या व्यवहारात फेडायचं असतं.

आधी पैशाचं बोलतो. ‘पार्टीकडून आले की देतो’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस. पार्टी तुझी आहे, ड्राफ्ट्समनची नाही. ॲडव्हान्स हातात पडला की त्यातला त्याचा आणि लॅबचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाक. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. पण कायद्याची शेवटची तारीख कशाला गाठायची? ड्राफ्ट्समनच्या घराचा हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो, तेवढं ध्यानात ठेव. पुढे उलाढाल वाढून टीडीएस कापायची वेळ आली, तर कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत भरत जा. रिटर्न भरायलाही उशीर करू नकोस. नाहीतर त्याच्या टॅक्सच्या नोंदीत ती दिसत नाही, आणि हक्काच्या परताव्यासाठी त्याला तुझ्या मागे फिरावं लागतं.

कौतुक करशील तेव्हा कामातली नेमकी गोष्ट धरून कर. स्लॅबच्या चेकिंगला गेलीस की कॉलमच्या रिंगा बघशीलच. आयएस 13920 प्रमाणे हूक 135 अंशांत आत वळवायचा असतो. फिटरच्या मनगटाला ते फार जड जातं, 90 अंशांवर सोडून देणं केव्हाही सोपं. पण भूकंपात कव्हरचं काँक्रीट फुटलं की 90 अंशांचा हूक उघडतो, 135 चा गाभ्यात रुतून राहतो. म्हणजे त्या इमारतीत झोपणाऱ्यांचा जीव तुझ्या गणिताइतकाच त्या मनगटावर असतो. म्हणून हूक नीट वळवलेले दिसले तर तिथेच, कॉन्ट्रॅक्टर आणि सुपरवायझर ऐकत असताना सांग: ‘दादा, हूक अगदी बरोबर वळवलेत.’ साइटवर इंजिनियर आला की चूकच काढणार, अशी त्याला सवय झालेली असते.

लॅबची माणसं तर आपल्याला दिसतही नाहीत. काळी माती कुठवर, मुरूम कुठे लागतो, पक्का खडक किती खोल, हे बोअर घेणाऱ्यानं उन्हात उभं राहून प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. रिपोर्ट दिला की पुढे काय झालं ते त्याला सहसा कळत नाही. खोदाई झाली की खड्ड्याचा एक फोटो त्याला पाठव आणि लिही, ‘तुम्ही म्हणालात त्याच खोलीवर मुरूम लागला.’ आणि वेगळं काही निघालं तरी कळव, आवाज न चढवता. पुढच्या वेळी शंका आली तर तो आपणहून फोन करील.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ड्राफ्ट्समनचं नाव राहू दे. बीमची खोली आणि खिडकीची लिंटल जुळत नाही हे त्यानं पकडलं असेल, तर आर्किटेक्टच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव घेऊन सांग. तुझी पत कमी होत नाही. उलट, हिच्या ऑफिसातून येणारं ड्रॉइंग दोघांच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं, हे समोरच्याला कळतं.

एक दिवस तो म्हणेल, ‘मॅडम, आता माझं स्वतःचं सुरू करतोय.’ तोंड पाडू नकोस. लेटरहेडवर पत्र दे, त्यात कोणत्या इमारती, किती मजले, त्यानं नेमकं काय केलं, सगळं लिही. आणि तुझ्याकडच्या पुढच्या जादा कामासाठी आधी त्याला विचार, त्याच्या नव्या दरानं.