आधी टाकसाळ समजून घे, मग पैसे मोज

अगं, नाणी जमवायला लागलीस हे ऐकून फार बरं वाटलं. पण वाकडंतिकडं नाणं दिसलं की ‘एरर आहे’ म्हणत तू लगेच पैसे काढतेस, त्याची मात्र मला काळजी वाटते. म्हणून चार गोष्टी सांगते.

नाणं हातात घेतलंस की स्वतःला एकच विचार: हे टाकसाळीत होऊ शकतं का? मुंबई असो, कोलकाता, हैदराबाद की नोएडा, काम त्याच क्रमाने चालतं. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात, मग कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबतात. खरी चूक यातल्याच एखाद्या पायरीवर होते आणि त्या पायरीची खूण नाण्यावर राहते.

उदाहरणार्थ, कड तुटलेलं नाणं घे. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर चढली, की पुरीला चंद्रकोरीसारखा चावा पडतो ना, पट्टीचंही तसंच होतं. अशा खऱ्या ‘क्लिप’मध्ये चाव्याच्या बरोबर समोरची कड बहुतेकदा पुसट असते, कारण कड उचलताना तिथे पुरेसा दाब बसलेला नसतो. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत राहते आणि घासल्या जागी ओरखडे दिसतात.

नाण्यावर रेघ दिसली तर तिरक्या उजेडात भिंगाखाली धर. ठसा तडकला असेल तर धातू त्या फटीत शिरतो, म्हणून रेघ वर उठलेली असते. नंतर खरचटलेली रेघ आत गेलेली असते. एवढ्या एका फरकाने कितीतरी शंका मिटतात.

सगळ्यात जपायचं ते ‘लाखी’ नाण्याला. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूला त्याचंच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. त्या बाजूचं नेहमीचं चित्र तिथे उमटायला वावच नसतो. नकली लाखी करणारे दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळतात. तिथे उलट्या खुणांच्या खाली मूळ चित्र चेपलेलं सापडतं. ते शोधल्याशिवाय लाखीला हात लावू नकोस.

एक छोटा डिजिटल काटाही घेऊन ठेव. २०११ च्या मालिकेतला स्टीलचा रुपया ३.७९ ग्रॅमचा, दहाचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं. आम्लात बुडवलेलं नाणं हलकं भरतं आणि अक्षरं, कड, पृष्ठभाग सगळंच खाल्ल्यासारखं दिसतं. रंग बदललेल्या नाण्यावरही भुलू नकोस; आच, रसायन किंवा मुलामा, कशानेही रंग पालटतो. आणि हो, नाणं घासून चकचकीत करू नकोस. खरी खूणही त्यात पुसली जाते.

मोबाइलवर लाखांचे भाव दाखवून कुणी आधी कमिशन किंवा कर मागितला, तर एक पैसाही देऊ नकोस. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच आपल्या नावाने चाललेल्या अशा व्यवहारांपासून सावध केलं आहे.

विकणाऱ्याला शांतपणे विचार, ‘ही चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली?’ त्याचं उत्तर नाण्यावरच्या खुणांशी जुळलं तरच घे. नाही जुळलं, तर कितीही मोह झाला तरी परत दे.