फोटोच्या मागचा किल्ला

घरातला जुना अल्बम पाहताना आपण आधी माणसे पाहतो. हे आजोबा, ही फूफी, कडेवरचे बाळ म्हणजे आपले अब्बा! माणसे ओळखली की आपण पान उलटतो. आज आपण माणसांच्या मागे काय दिसते ते पाहू.

शिरवळच्या एका कुटुंबाकडे असे तीन फोटो आहेत. त्या घरातले आजोबा पूर्वी सोलापूरच्या कापड गिरणीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना सिद्धेश्वर तलावावर नेत. फोटो काळे-पांढरे व चौकोनी असून त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. मुले ओळीने उभी आहेत, पण एकही हसत नाही. तशा कॅमेऱ्याच्या एका रोळात बाराच फोटो निघत, त्यामुळे फोटो काढणे हे मोठे गंभीर काम असे. मुलांच्या मागे पाणी आणि पाण्यापलीकडे दगडी तट दिसतो.

हा सोलापूरचा भुईकोट किल्ला. सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात. त्याला डोंगराचे संरक्षण नसते, म्हणून पाण्याचे संरक्षण घेतात. येथे एका बाजूला तलाव आणि इतर बाजूंना खंदक आहे. तटही एक नाही, दोन आहेत. बहमनी राजवटीत उभ्या राहिलेल्या या किल्ल्यासाठी अहमदनगरचे निजामशहा आणि विजापूरचे आदिलशहा अनेक वर्षे भांडले. चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला गेला. १८१८ साली तो पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला.

सोलापूरचा किल्ला आजही उभा आहे. तेथे जाऊन फोटो हातात धरा आणि पाहा: तेव्हा पाणी कोठपर्यंत होते? तटावर झाडे उगवली होती का? कोणता दगड आता जागेवर नाही?

शिरवळला मात्र असे करता येत नाही. येथेही नीरा नदीच्या काठी एक भुईकोट होता. त्याचे नाव सुभानमंगळ. नावातला पहिला शब्द तुम्ही घरी रोज ऐकता, दुसरा तुमच्या मराठी मित्रांच्या घरी! १६४८ साली आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला, तेव्हा त्याच्या फौजेने हा किल्ला घेतला. शिवाजी महाराजांनी कावजी मल्हार यांना पाठवून तो परत जिंकला. आज त्याचे फारच थोडे अवशेष उरले आहेत. तट केवढा होता, दरवाजा कसा होता, हे जागेवर उभे राहून समजत नाही. पण कोणी तरी पूर्वी त्या तटाला पाठ लावून मुलांचा फोटो काढला असेल, तर तो फोटो सोन्याच्या मोलाचा आहे. तो कदाचित एखाद्या ट्रंकेत असेल आणि घरच्यांना त्यात फक्त मुलेच दिसत असतील.

आता फोटो उलटा करा. सोलापूरच्या एका फोटोमागे उर्दूत 'शोलापूर, तालाब, १३८२ हिजरी' असे लिहिले आहे. त्या घरातली मोठी नातवंडे मराठी शाळेत शिकली. ही ओळ अनेक वर्षे कोणी वाचलीच नाही. उर्दू शाळेत जाणाऱ्या धाकट्या नातीने ती वाचली.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून दर शंभर वर्षांमागे तीन वर्षे वजा करा आणि ६२२ मिळवा. १३८२ मधून ४१ गेले, राहिले १३४१. त्यात ६२२ मिळवले की १९६३. एखाद्या वर्षाचा फरक पडतो. हे वर्ष जून १९६२ ते मे १९६३ असे होते.

तुम्हाला असा फोटो सापडला तर तो कडेने धरा. मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलने हलक्या हाताने नावे व ठिकाण लिहा, उर्दूत आणि मराठीतही. मोबाईलवर दोन्ही बाजूंची प्रत घ्या. नावे मात्र दादीला आजच विचारा.

शब्दार्थ
तट – फसील. अवशेष – बाकी राहिलेले भाग. आंदण – लग्नात मुलीला दिलेली भेट

उपक्रम
घरातला एक जुना फोटो निवडा. त्यातील माणसांविषयी काहीही न लिहिता, त्यांच्या मागे काय दिसते ते आठ ओळींत लिहा.