धूमकेतू कसा पाहावा व त्याचे छायाचित्र कसे घ्यावे

आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात आणि ते उगवले की राजा मरतो, रोगराई येते, अशी जुनी समजूत आहे. ही समजूत केवळ अडाणी माणसांची नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंच्या फळांवर स्वतंत्र अध्याय आहे. ६ मे १९१० रोजी इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारला तेव्हा हॅलेचा धूमकेतू आकाशात होता, मग काय विचारता! पण हाच धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी फेरी करतो. १९८६ साली तो येऊन गेला, २०६१ साली पुन्हा येईल. ठरल्या वेळी येणाऱ्या पाहुण्याला अपशकुनी कसे म्हणावे?

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात, ग्रहणे व उल्कापात यांवरून भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या मानली आहे. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः जाणून घ्या, असा उपदेश केला. धूमकेतूच्या बाबतीत असे स्वतः जाणून घेणे चंदगडच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा सोपे आहे, कारण आपले आकाश अजून काळोखे आहे.

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ व गोठलेले वायू यांचा काही किलोमीटरचा गोळा. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते, धूळ सुटते व शेपूट तयार होते. शेपूट धूमकेतूच्या मागे फरफटत जाते हा गैरसमज होय. ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. त्यामुळे सूर्याला वळसा घालून परतताना धूमकेतू शेपूट पुढे करून जातो! १९९७ साली मार्च-एप्रिलमध्ये दिसलेल्या हेल-बॉप धूमकेतूला वायूचे निळसर व धुळीचे पिवळसर अशी दोन शेपटे होती. तो आता सुमारे २४०० वर्षांनी येईल.

धूमकेतू आला तरी आपल्याला दिसेलच असे नाही. निओवाईज जुलै २०२० मध्ये आला, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. त्सुचिनशान-ॲटलास मात्र पावसाळा सरता सरता आला. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे अशोक विजयादशमीलाच, तो पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या संध्याकाळी, त्याची जागा पश्चिमेस शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान होती.

संध्याकाळच्या धूमकेतूसाठी पश्चिम क्षितिज मोकळे हवे. आपल्या तालुक्यात पारगडासारखी जागा त्याला उत्तम, परंतु अंधारात कड्याजवळ जाऊ नये व सोबत मोठे माणूस असावे. पूर्वेला बेळगावच्या दिव्यांचा उजेड असतो, म्हणून पहाटेचा धूमकेतू पाहताना जागा अधिक विचाराने निवडावी. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. बॅटरीवर लाल कागद बांधावा आणि मोबाईल खिशात ठेवावा. पुसट शेपूट सरळ रोखून पाहण्यापेक्षा नजर किंचित बाजूला ठेवली की चांगले दिसते. १० × ५० ची दुर्बीण मिळाल्यास फारच छान. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती डोळ्याला लावू नये, दृष्टी कायमची जाऊ शकते.

आता छायाचित्र. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहिली की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. पूर्वी फिल्म वापरणारे एक हिशेब ठेवीत, तो आजही चालतो. ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० सेकंद मिळतात. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा, फ्लॅश बंद ठेवावा, भिंगाचे तोंड पूर्ण उघडावे आणि शुक्रासारख्या ठळक ग्रहावर फोकस करावा. मोबाईलही चालतो. नाईट मोड लावून तो दगडाला टेकवावा व टायमर वापरावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. चौकटीत झाड किंवा डोंगराची कड घ्यावी. एकाच फोटोवर समाधान मानू नये, दहा-पंधरा घ्यावेत.

छायाचित्राचे महत्त्व शोभेपुरते नाही. हैदराबादहून हार्वर्डला शिकायला गेलेल्या वेणू बप्पू यांना १९४९ साली स्वतः घेतलेल्या फोटोच्या काचेवर अनोळखी धूमकेतू सापडला. त्याला बप्पू-बॉक-न्यूकर्क असे नाव मिळाले. तो काही कुणाला अपशकुनी ठरला नाही, बप्पूंना तर पदक मिळाले!

प्रत्येक फोटोबरोबर वहीत तारीख, मिनिटापर्यंत वेळ, ठिकाण, झडप किती सेकंद उघडी होती व ढग किती होते, हे लिहावे. शेपटाची लांबी हातानेच मोजता येते. हात ताठ पुढे धरला असता मूठ सुमारे १० अंशांची व करंगळी सुमारे एक अंशाची भरते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवरून पुन्हा मोजावे.