ढगाचा डोंगर

1 जानेवारी 1739. नाताळपासून आठवा दिवस, येशूबाळाच्या सुंतेचा सण. दक्षिण अटलांटिकमध्ये धुक्यातून वाट काढणाऱ्या दोन फ्रेंच जहाजांना बर्फाने झाकलेला एक उंच कडा दिसला. मोहिमेचा प्रमुख बुव्हे द लोझिए याने सणावरूनच त्याचं नाव ठेवलं, 'सुंतेचं भूशिर'. त्याला वाटलं, हे दक्षिणेकडच्या एखाद्या मोठ्या खंडाचं टोक असणार. धुकं काही हटेना, किनाऱ्यावर उतरता येईना. शेवटी तो परत फिरला.

तो खंड नव्हता. एक बेट होतं, सगळं मिळून 49 चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस केला तर बाजू सात किलोमीटरची! आज ते बुव्हे बेट म्हणून ओळखलं जातं आणि नॉर्वेच्या ताब्यात आहे. दक्षिण आफ्रिका तिथून सुमारे 2,600 किलोमीटर, अंटार्क्टिकाचा किनारा सुमारे 1,700. बेटाचा 93 टक्के भाग बर्फाखाली आहे.

बुव्हेने बेटाचा रेखांश चुकीचा लिहून ठेवला. त्यात त्याचा फारसा दोष नाही. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढता येतो, पण रेखांशाला अचूक घड्याळ लागतं, आणि समुद्राच्या हेलकाव्यांत टिकणारं घड्याळ तेव्हा जहाजांवर आलेलं नव्हतं. आता हिशोब करून बघा: 54 अंश दक्षिणेला रेखांशात एका अंशाची चूक झाली तर माणूस 65 किलोमीटर बाजूला जातो. बेट सात किलोमीटरचं, वर धुकं. पुढे जेम्स कुकसारख्या पट्टीच्या दर्यावर्दीनेही हे भूशिर शोधलं आणि त्याला ते मिळालं नाही. बेटाची जागा नीट ठरायला 1898 साल उजाडलं. ते काम 'व्हाल्दिविया' या जर्मन जहाजावरच्या मोहिमेने केलं.

मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्या बेटाची. 1825 मध्ये नॉरिस नावाच्या कप्तानाने बुव्हेजवळ आणखी एक बेट पाहिल्याची नोंद केली, 'थॉम्पसन बेट'. 'व्हाल्दिविया'ने ते शोधलं. तिथे पाणीच पाणी. तरी हे बेट विसाव्या शतकातही काही नकाशांवर होतं. नॉरिसला हिमनग दिसला की धुक्याचा पुंज, यावर नुसते तर्कच चालतात. पण एकदा शाईने काढलेलं बेट पुसायला कुणीतरी तिथवर जावं लागतं, आणि तिथे जातं कोण?

आता उपग्रह जातात. मग प्रश्न सुटला का? तो नेमका कुठे अडकतो ते पाहू.

वरून काढलेला फोटो सपाट असतो, त्यात उंची नसते. ती काढायला दोन फोटो लागतात, दोन वेगळ्या कोनांतून. एसटीच्या खिडकीतून बघताना रस्त्यालगतचं चिंचेचं झाड झपकन मागे जातं आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. जवळची वस्तू जास्त सरकते. उपग्रहाला जमिनीपेक्षा शिखर जवळ, म्हणून दोन फोटोंत शिखर जास्त सरकलेलं दिसतं. किती सरकलं ते मोजलं की उंची मिळते. टेरा उपग्रहावरचं 'ॲस्टर' हे उपकरण 705 किलोमीटरवरून हेच करत असे. त्याचा एक कॅमेरा सरळ खाली बघायचा, दुसरा मागे 27.6 अंश कलून, आणि दोन फोटोंमध्ये साधारण 55 सेकंदांचं अंतर असायचं. आपल्या कार्टोसॅट-1 वर (2005) एक कॅमेरा 26 अंश पुढे आणि एक 5 अंश मागे कललेला होता. त्याच्या फोटोंवरून भारताचा जो उंची-आराखडा केला, तो हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भुवन' पोर्टलवर मिळतो.

आकडे घालू. ॲस्टरच्या जोडीत 100 मीटर उंचीचा कडा सुमारे 60 मीटर सरकतो. एक पिक्सेल 15 मीटरचा, म्हणजे चार पिक्सेल. बुव्हेचं सर्वांत उंच टोक, ओलाव्हटोपेन, 780 मीटर. ते 468 मीटर, म्हणजे 31 पिक्सेलभर सरकेल. उलट बाजूने बघितलं तर जुळवणीत एका पिक्सेलची चूक झाली की उंची 25 मीटरने चुकते.

आणि सगळं अवघड असतं ते या जुळवणीतच. पहिल्या फोटोतला हा ठिपका दुसऱ्या फोटोत कुठला, हे संगणक आजूबाजूच्या खुणांवरून ओळखतो: खडक, भेग, सावलीची कड. ताज्या बर्फाच्या मैदानावर खुणाच नसतात. पांढऱ्यात पांढरं! काळ्या खडकांच्या कड्यांवर जुळवणी छान होते आणि मधल्या बर्फाच्या पठारावर ती चाचपडते. ढगांचं तर विचारूच नका. ढगाला मात्र खुणा भरपूर असतात, तो दोन्ही फोटोंत दिसतो, सरकतोही. संगणक त्याची उंची इमानेइतबारे काढतो आणि आराखड्यात एक सुबक डोंगर उभा राहतो. थॉम्पसन बेटच म्हणा ना, फक्त या वेळी दशांश चिन्हासकट.

यावर उपाय आहेत. रडारला ढग आडवे येत नाहीत, पण कोरड्या बर्फात त्याच्या लहरी थोड्या आत शिरतात, त्यामुळे पृष्ठभाग आहे त्यापेक्षा खाली दिसू शकतो. दुसरा उपाय म्हणजे खूप फोटो घेणं. 2009 मध्ये जपान आणि नासाने ॲस्टरच्या दहा लाखांहून जास्त दृश्यांवरून जगाचा उंची-आराखडा प्रसिद्ध केला. एकाच जागेच्या अनेक उंच्या काढायच्या, ढगातल्या वेड्यावाकड्या टाकून द्यायच्या, उरलेल्यांची सरासरी घ्यायची. जिथे काहीच मिळालं नाही तिथे दुसऱ्या स्रोतातून भर घालायची.

ही भर घातलेली जागा नकाशावर ओळखू येत नाही. रंग तोच, समोच्च रेषा तितक्याच ठळक. म्हणून या आराखड्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर दुसरी एक फाइल येते. कुठल्या पिक्सेलची उंची किती दृश्यांवरून काढली, की ती बाहेरून आणून भरली, हे तिच्यात लिहिलेलं असतं. बहुतेक विद्यार्थी ही फाइल उघडतच नाहीत. मीही बरीच वर्षं उघडली नव्हती.

बेटाच्या बाबतीत एक सोय आहे. भोवती समुद्र असतो, आणि त्याची उंची शून्याच्या जवळ यायला हवी. पण जपून. उपग्रह मुळात पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची देतो आणि खरी समुद्रसपाटी त्याच्याशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला ती सुमारे शंभर मीटर खाली आहे. ही दुरुस्ती करूनही समुद्र 40 मीटरवर दिसला तर तिथे ढग होता असं समजा.

नकाशावर तारीख घालायलाही विसरू नका. बुव्हेच्या किनाऱ्यावर 1955 ते 1958 च्या दरम्यान दरड कोसळून एक नवाच सपाट भाग तयार झाला, न्यूरोय्सा. त्याआधीच्या कुठल्याही नकाशात तो नाही. 1996 मध्ये तिथे नॉर्वेने छोटं संशोधन केंद्र ठेवलं. 2006 मध्ये भूकंप झाला, पाया खिळखिळा झाला, आणि 2007 मध्ये उपग्रहाच्या फोटोत केंद्र दिसेनासं झालं. वादळाने ते उचलून समुद्रात नेलं होतं. तिथे बघायला कुणी नव्हतं. ते नाहीसं झालेलं फोटोतूनच कळलं.

प्रात्यक्षिकासाठी: कुठल्याही बर्फाळ बेटाचा तुकडा उतरवून घ्या आणि आधी ती दुसरी फाइल उघडा. तीनपेक्षा कमी दृश्यं आहेत तिथे समोच्च रेषा तुटक काढा. बाहेरून भरलेल्या जागी रेषा काढूच नका, कागद कोरा ठेवा. नकाशा अर्धवट दिसेल. तसाच आणा.