डोकं नको, पाठ बघ

बाबू, मिरगाचा पाऊस पडून उघाडी झाली की शेलूबाजारच्या वावरात संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यानं चालत जा. जमिनीतून पंखवाले जीव निघालेले असतात, पण ते सगळेच मुंगीचे नसतात. राणी ओळखायची असेल तर आधी उधळी, म्हणजे वाळवी, वेगळी काढ. तिचे चारही पंख सारखे लांब, मिशा सरळ अन् कंबर जाडच. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

मग नर ओळख. अंग सडपातळ, डोकं इवलंसं, डोळे मोठे. उडून झालं की तो थोड्याच वेळात मरतो.

माणूस फसतो तो मुंगळ्यापाशी. आपला काळा मुंगळा, फॅब्रिशियसनं 1787 मध्ये नोंदवलेला, त्याच्या काही कामकऱ्यांचं डोकं एवढं थोराड असतं की बघणारा म्हणतो, हीच राणी! तू डोक्याकडे बघूच नको, पाठ बघ. कामकऱ्याची पाठ चपटी, अरुंद. राणीची बैलाच्या वशिंडासारखी उंच, कारण तिथं उडायचे स्नायू असतात. पंख ती स्वतःच मोडून टाकते, म्हणून बाजूला तुटल्याचे वण दिसतील. भिंग असेल तर कपाळावर तीन बारीक डोळेही दिसतील. मुंगळ्याच्या कामकऱ्याला ते नसतात.

अशी एकटी, भेगा हुंगत फिरणारी दिसली तर वाट दे. डब्यात कोंडू नको, वर पावडर तर मुळीच टाकू नको. ती बीळ आतून बुजवते, काही खात नाही अन् पंखांचे स्नायू अंगातच विरघळवून पहिली पिलं पोसते. जाने नावाच्या अभ्यासकानं 1907 मध्ये हे दाखवून दिलं. हरमान अपेल यांनी पाळलेली मुंगीची एक राणी 28 वर्षांहून जास्त जगली. एवढं आयुष्य त्या एका जिवात असतं, बाबू.

पाठ बघून राणी ओळखायच्या या नियमात एक मुंगी बसत नाही. एकेकटी फिरणारी, मोठी, काळी, अंगावर बोटाच्या ठशासारख्या रेघा, डंख जबर. तिला डायकॅमा म्हणतात. तिच्यात राणी नसतेच, कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते. ती अंडी घालणारी ओळखायची असेल तर छातीवरचे दोन बारीक कोंब शोध. तिचे शाबूत असतात, अन् नव्यानं जन्मलेल्या कामकऱ्यांचे ती कुरतडून टाकते.