पेशीतील वाहक प्रथिने आणि लांगलीची विषक्रिया

लांगली अर्थात कळलावी हिची गणना उपविषांत होते, हे वैद्यवर्गास ठाऊकच आहे. तिच्या कंदात व बीजांत असणारे कोल्चिसीन शरीरात नेमका कोठे आघात करते, हे समजण्यासाठी आपण प्रथम पेशीतील वाहतूक पाहू.

पेशीत सूक्ष्मनलिकांचे मार्ग पसरलेले असतात. ट्युब्युलिन नामक प्रथिनाचे घटक रचले जाऊन ते तयार होतात. या मार्गांवरून कायनेसिन व डायनिन ही वाहक प्रथिने भार ओढतात. पैकी १९८५ मध्ये प्रकाशात आलेले कायनेसिन अक्षरशः दोन पायांनी चालते. मार्गावर घट्ट रोवलेल्या पुढच्या पायास एटीपीचा रेणू जोडला गेला की त्याचा आकार किंचित बदलतो, त्याच्या मानेचा लवचीक पट्टा पुढे वळून चिकटतो आणि मागचा पाय पुढे ढकलला जातो. उरलेले अंतर तो पाय उष्णतेमुळे होणाऱ्या हेलकाव्यांतून कापतो व नवी जागा पकडतो. प्रत्येक पावलास भार ८ नॅनोमीटर सरकतो. १९९३ मध्ये लेझरकिरणांच्या चिमट्याने हे पाऊल मोजले गेले. सुमारे ६ पिकोन्यूटन विरोध झाला की कायनेसिन थबकते. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख-कोटीवा भाग. तरीही ८ गुणिले ६ म्हणजे ४८ एकके कार्य होते, आणि एका एटीपीतून मिळतात सुमारे ८० ते १०० एकके. निम्म्याच्या आसपास ऊर्जा कामी लावणारे हे यंत्र आहे! यास कोणी वायूचे कर्म म्हणेल. परंतु दोन शास्त्रांच्या संज्ञा घाईने जुळवू नयेत, असे आम्हांस वाटते.

हे बल पाय रोवण्यास मार्ग असेल तरच उपयोगी. कोल्चिसीन वाहकास हात लावीत नाही. ते ट्युब्युलिनला चिकटून मार्गाची रचनाच रोखते. अल्प मात्रेत श्वेतपेशींची हालचाल मंदावते, म्हणून आधुनिक वैद्यकात ते गाउटमध्ये देतात. मात्रा वाढल्यास पेशीविभाजन थांबते. जेथे विभाजन अखंड चालते, त्या आतड्याच्या अस्तरास व अस्थिमज्जेस मोठा फटका बसतो. प्रथम काही तासांनी वांत्या व अतिसार होतात. पुढे दोन-तीन दिवसांनी श्वेतपेशी घटतात व अनेक अवयव निकामी होऊ शकतात. मधल्या काळात रुग्णास बरे वाटू शकते. तेवढ्यावरून त्यास घरी पाठवू नये. सहज मिळणारे विशिष्ट प्रतिविष नाही.

गोमूत्रात शोधन केलेली लांगली निर्विष झाली, असे औषधी दुकानदारांनी गृहीत धरू नये. ती औषधे नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीची सूचना वेष्टनावर असलीच पाहिजे. वृक्कविकारी रुग्ण तसेच क्लॅरिथ्रोमायसिन घेणारे यांच्या शरीरात कोल्चिसीन साचते. त्यांना लांगलीयुक्त पोटातील कल्प देऊच नये. कच्चे कंद दुकानात उघडे ठेवू नयेत. रताळे समजून ते खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.